अक्का, तो हिरवाच होता

अक्का, तुमची तेरवी झाली. पाहुणे गेले, आचाऱ्याची पातेली परत गेली, अंगणातला मांडव सोडला, आणि आता कुठे मी तुमच्याशी भांडायला मोकळी झाले. इतके दिवस घरात एवढी माणसं होती की मनातल्या मनातसुद्धा धड भांडता येईना. जो तो येऊन टेकायचा आणि एकच विचारायचा, डोळे कधी गेले हो त्यांचे? मोठे भावजी म्हणत, झाली असतील दोन वर्षं. तुमचा विलास म्हणे, नाही बाबा, मुंबईला नेलं त्याच्याही आधीपासून. मी गप्प. मला गप्प बसलेली आजवर कोणी पाहिली नव्हती, तेव्हा बायकांना वाटलं, मोठ्या जावेच्या दुःखानं सुमनची वाचाच बसली. दुःख होतंच. पण मी गप्प होते कारण मला उत्तर माहीत नव्हतं. प्रतापनगरात एका प्लॉटवर शेजारीशेजारी आपली दोन घरं, मधे एक कढीपत्त्याचं झाड, तुमच्या फोडणीत हिंग जास्त पडला तरी मला इकडे कळायचं. आणि तुम्हाला दिसेनासं केव्हा झालं, हे मला सांगता येत नाही.

नुसतं कुतूहल असतं तर मी ते तुमच्याबरोबर जाऊ दिलं असतं. पण अक्का, मलाही साखर निघाली आहे. तुमचं शेवटचं दुखणं चाललं होतं तेव्हा दवाखान्यात ह्यांनी, म्हणजे तुमच्या दिरानं, माझंही रक्त तपासून घेतलं, आणि निघाली. तुम्हाला सांगितलं नाही. काय सांगणार होते, तुमच्या पंगतीला येऊन बसले म्हणून? अंगात किती वर्षांपासून असेल कोण जाणे, असं डॉक्टर म्हणतात. येत्या सोमवारी रामदासपेठेतल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब घालायला बोलावलं आहे. थेंब घालून बाहुली मोठी करतात आणि डोळ्याचा आतला पडदा पाहतात. तेच, ज्याला तुम्ही इतकी वर्षं नाही म्हणत आलात.

जावं की जाऊ नये, मला ठरवता येत नाही. म्हणाल, त्यात ठरवायचं काय? तर ऐका. तुम्ही भात सोडलात, साखर सोडलीत, चहा कडू प्यायलात, बारशाला गेलात तर पेढा कपाळाला लावून परत ताटात ठेवलात, आणि डोळे तुमचे गेले. मी लग्नघरी जिलेबीच्या ताटाशेजारची जागा धरून बसणारी. मला सगळं स्वच्छ दिसतं आहे. ह्यातून मी काय शिकायचं? तुमच्यासारखं वागून काही होत नाही, असं? की माझेही जायचेच आहेत, मग सोमवारी जाऊन आगाऊ रडायचं कशाला? दोन्ही गोष्टी मला आलटून पालटून खऱ्या वाटतात. सकाळी एक, संध्याकाळी दुसरी.

तुमची साखर ही आपल्या घरातली पहिलीच. भिवापूरला सासूबाई शेवटपर्यंत गुळाचा खडा गालात धरून शेतावर फिरल्या, त्यांना काही झालं नाही. त्यामुळे डॉक्टरांनी तुम्हाला भात बंद, गोड बंद, रोज गोळ्या आणि रोज सकाळी लघवीची तपासणी असं सांगितलं तेव्हा सगळ्यांना ते जरा जास्तच वाटलं. काचेची नळी, स्पिरिटचा दिवा आणि निळ्या औषधाची बाटली घरात आली. नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे थेंब टाकायचे आणि दिव्यावर उकळी आणायची. निळं तसंच राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी, मग पिवळं, मग नारिंगी, आणि विटकरी लाल आलं की देवाचं नाव घ्यायचं. आपलं घर मिरचीवर चाललेलं. भिवापूरची मिरची लाल उतरली की घरात दिवाळी. लाल रंगाला भ्यायची वेळ आपल्यावर पहिल्यांदाच आली होती.

तुम्ही सोवळ्यातल्या, नळीला हात लावणार नाही म्हणालात. भावजींना विषय काढायचीच लाज. तेव्हा ते काम माझ्याकडे आलं. न्हाणीघराच्या ओट्यावर मी दिवा लावायचे आणि तुम्ही दारात उभ्या. निकालाच्या दिवशी शाळेतली पोर उभी राहते तशा. 'कोणता आला वं?' निळा म्हटलं की चेहरा खुलायचा आणि त्या दिवशी तुम्ही स्वतःला राजगिऱ्याचा एक लाडू बक्षीस द्यायचात. गुळाचा लाडू, साखरेचं बक्षीस म्हणून. मला त्याचं तेव्हाही हसू यायचं, पण तुमच्यापुढे हसायची सोय नव्हती.

डोळ्यांचं भय मात्र तुम्हाला पहिल्या दिवसापासून होतं. तुमचे मामा साखरेनं आंधळे झाले होते. भिंतीला हात लावत चालायचे, आणि पोरं मुद्दाम वाटेत पाट ठेवायची, हे तुम्ही मला किती वेळा सांगितलंत. 'काही जाओ सुमे, डोळे नको जायले,' असं तुम्ही म्हणायचात. म्हणून तर मला कळत नाही. ज्या बाईला एवढं भय होतं तिनं थेंबांना नाही का म्हणावं?

पण नाही म्हणायच्या आधी तुम्ही तुमच्या रीतीनं दुखण्याला भिडलात. उपास. एकादशी होतीच, चतुर्थी होतीच, त्यात सोमवार आला, मग गुरुवार, आणि चातुर्मासात शनिवारसुद्धा. तुमचं गणित सोपं होतं. खाल्लं की साखर चढते, तर उपास केला की उतरणार. आणि उपासाला काय असायचं? साबुदाण्याची उसळ, तीही माझ्याच हातची लागायची तुम्हाला. भगर, रताळ्याचे काप, शिंगाड्याचा शिरा, बटाटे, वरून लाडू. एकादशी अन् दुप्पट खाशी, असं मी चिडवायचे. तुम्ही म्हणायचात, देवाचं खाल्लेलं अंगाला लागत नाही. डॉक्टरांनी भाताचं नाव घेतलं होतं, साबुदाण्याचं घेतलं नव्हतं. आपण विचारलंही नाही. उपासाचा पदार्थ डॉक्टरला काय विचारायचा? भात नको म्हटलं तर तुम्ही लग्नातल्या अक्षतांकडेसुद्धा वाकड्या नजरेनं पाहायचात, आणि साबुदाण्याची ताटली मात्र हात जोडून घ्यायचात.

उपासाच्या दुसऱ्या दिवशी नळी पिवळी यायची, कधी नारिंगी. मी घाबरायचे. तुम्हाला आनंद. 'उपासानं साखर बाहेर पडून राहिली पाय. बाहेर पडली म्हणजे अंगातली कमीच झाली ना?' मला ते पटायचं नाही आणि खोडताही यायचं नाही. हिशेबात चूक कुठे होती? तांदळाच्या पिशवीला भोक पडलं की पिशवी रिकामीच होते. तुमचा चेहरा इतका खात्रीचा असायचा की मी नळी धुऊन ठेवून द्यायचे.

मग तो चातुर्मास आला. दुपारी तुमच्या ओसरीवर गल्लीतल्या बायका पोथी ऐकायला बसायच्या, वाचणाऱ्या तुम्ही. चष्म्याशिवाय तुम्हाला एक अक्षर लागत नसे, ते सगळ्यांना ठाऊक. त्या दिवशी चष्मा आत राहिला म्हणून मी आणायला उठले, तर तुम्ही हातानंच थांबवलंत आणि वाचायला लागलात. घडघड. पान उलटलंत, पुढचंही वाचलंत. बायकांच्या हातातल्या वाती तशाच राहिल्या. शेजारच्या बाईंनी तर अध्याय संपायच्या आत तुमचे पाय धरले. वयाच्या पन्नाशीत चष्मा सुटला, हे उपासाचं फळ नाही तर काय? तुम्ही आधीच नवस बोलला होतात, तो फेडायला आपण कोराडीला गेलो आणि देवीला चांदीचे डोळे वाहिले. मीही हात जोडले. खरं सांगू, मला तेव्हा तुमचा हेवा वाटला. मला एक चतुर्थीसुद्धा चंद्र उगवेपर्यंत निभत नव्हती.

त्याच दिवसांत तुम्हाला तहान फार लागायची आणि ओसरीची पायरी चढताना धाप लागायची. ते आपण उपासाच्या अशक्तपणावर ढकललं. चातुर्मास संपला, डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या, आणि पोथीची अक्षरं पुन्हा पुसट झाली. चष्मा परत आला. सीताबर्डीवरच्या दुकानात नंबर काढला, तो काही दिवसांत चुकला, पुन्हा काढला. आपण दोघी रिक्षानं जायचो, येताना तुम्ही बांगड्या पाहायचात. वर्षातून एकदा चष्म्याचा नंबर काढून आणला की तुमच्या लेखी डोळ्यांची तपासणी झाली. डॉक्टर म्हणायचे, चष्मा वेगळा आणि पडदा वेगळा, थेंब घालून पडदा दाखवून या. त्यावर तुमचं उत्तर ठरलेलं. 'दिसून राहिलं ना मले? जे दिसते ते काहून तपासाचं? अन् थेंब घालून दिवसभर आंधळी होऊन बसू का? नाई वं बाई, मले त्याची प्रॅक्टिस नाई कराची.' मी हसायचे. सगळेच हसायचे. तुमच्या बोलण्यावर न हसणं कठीण होतं. पण आता वाटतं, मामांनी चाचपलेली ती भिंत तुम्हाला त्या थेंबांतच दिसली असेल. पाहायलाच गेलं नाही तर काही निघणार नाही, असं तुमच्या मनानं घेतलं असेल. की मी आपलं तुमच्या वतीनं काहीतरी जुळवते आहे? तुम्ही असतात तर म्हणाला असतात, एवढा विचार मी केला नव्हता, मले नुसता कंटाळा आला होता.

आणि मग नळीवरून आपली भांडणं सुरू झाली. आधी दारातून विचारणाऱ्या तुम्ही, आता सोवळं बाजूला ठेवून आत यायला लागलात. पदरात धरून नळी माझ्या हातून घ्यायचात, खिडकीच्या उजेडाला लावायचात आणि म्हणायचात, निळा. मी म्हणायचे, अक्का, हिरवा आहे हो. निळा. हिरवा. एक दिवसाआड हेच. एकदा मी चिडून बाहेर गेले, कढीपत्त्याची डहाळी तोडून आणली आणि नळीशेजारी धरली. म्हटलं, आता बोला. तुम्ही डहाळी पाहिलीत, नळी पाहिलीत आणि म्हणालात, 'पान हिरवं हाये अन् हे निळं हाये. तुहे डोळे फुटले का वं?'

मला वाटलं, लाडवासाठी. दुसरं काय वाटणार? निळा आला तर लाडू, हा कायदा तुमचाच. आणि लबाडी तुम्हाला अगदीच परकी होती असंही नाही. धान्याच्या कोठीमागे ठेवलेला लाडवाचा डबा मला माहीत होता. म्हणून मी म्हटलं, तुम्हाला खायचं तर खा, पण मला आंधळी ठरवू नका. तुम्ही म्हणालात, तुह्यानं माहं बरं झालेलं पाहावत नाही. झालं. श्रावणी शुक्रवारचं हळदीकुंकू आलं आणि गेलं, आपण बोललो नाही. सवाष्ण म्हणून तुमच्याकडे जेवायला आले तेव्हा तुम्ही पुरण वाढलंत, मी नको म्हटलं, तुम्ही तरी वाढलंत, हे सगळं तोंड मिटून. नंतर अबोला सुटला, पण भांडण मिटलं नाही. मी मनातल्या मनात खरा रंग धरायचे आणि तुम्ही तुमचा मोठ्यानं सांगायचात. अक्का, तो हिरवाच होता. हे मी आजही म्हणेन.

जाळ्यांची सकाळ तुम्हाला आठवते का? तुम्ही माझ्या स्वयंपाकघरात आलात आणि वर पाहून म्हणालात, घरात जाळी झाली वं सुमे, झाडत नाही का? माझ्या घरात जाळं म्हणजे माझ्या नाकाला मिरची. मी स्टूल ओढलं, झाडू घेऊन वर चढले. तुम्ही खालून सांगत होतात. 'डावीकडे. आता वर. नाई, इकडे सरकलं.' कोपऱ्यात काही नव्हतं. भिंत कोरी. तुम्ही मान वळवाल तिकडे ते जाळं जात होतं. तुम्ही डोळा चोळलात, पुन्हा वर पाहिलंत, पुन्हा चोळलात. मी स्टुलावरून उतरले. तुम्ही पाट घेऊन बसलात आणि म्हणालात, चहा टाक. मी टाकला. त्या चहात मी साखर घातली की नाही, ते मला आठवत नाही, आणि तुम्हीही विचारलं नाहीत.

दुसऱ्या दिवशी रामदासपेठेत गेलो आणि शेवटी ते थेंब पडले. डोळ्याच्या आत रक्त उतरलं होतं. उजव्यात जास्त, डाव्यात सुरुवात. डॉक्टर आरडाओरडा करणाऱ्यांतले नव्हते. ते एवढंच म्हणाले की आधी यायला हवं होतं. मग मुंबईला जाऊन लेझरनं डाव्या डोळ्याच्या पडद्यावर डाग देऊन आणले, म्हणजे तेवढं तरी धरून राहील. राहिलं का? हेच मला कोणी सांगत नाही, आणि तुम्ही तर कधीच सांगितलं नाहीत. तुम्ही भिंतीला हात लावून चालला नाहीत. पायरी उतरताना पदर सावरायचात, पायरी दिसल्यासारखा. दाराशी कोण आलं ते चपलेवरून ओळखून आधीच नाव घ्यायचात. माझ्याकडे तोंड करून बोलायचात, पण कधीकधी माझ्या कानाशी बोलल्यासारखं वाटायचं.

विलासच्या मुलीच्या बारशाला तुम्ही मला जवळ बसवून म्हणालात, ही जांभळी खुलते वं तुले. साडी जांभळीच होती. मी इतकी खूश झाले की दिवसभर सांगत सुटले, अक्कांना दिसतं, रंगसुद्धा दिसतो. घरी येऊन घडी घालताना आठवलं की बोलायच्या आधी तुम्ही माझा पदर हातात घेतला होता, काठावरून अंगठा फिरवला होता. ती साडी तुम्हीच मला घेतली होती. आता सांगा, तुम्हाला जांभळी दिसली की जरीचा काठ कळला? मी विचारलं नाही. मला दोन्ही उत्तरं नको होती.

परवा त्या डॉक्टरांकडे मी पहिल्यांदा स्वतःसाठी गेले. एकटीच गेले, तेव्हा ते म्हणाले की आज थेंब नको, घरी कशा जाल, सोमवारी कोणाला तरी घेऊन या. तुमचं नाव त्यांच्या लक्षात होतं. मग मी तिथेच खुर्चीवर बसून तुमचे दोन प्रश्न विचारले. पोथीचा पहिला. ते म्हणाले, साखर फार चढली की डोळ्यातलं भिंग फुगतं, मग चाळिशी लागलेल्या माणसाला एकाएकी जवळचं स्वच्छ दिसायला लागतं. लोक येऊन मला पेढे देतात, म्हणाले. साबुदाण्याचं सांगितलं तर त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले, हसत होते की काय, कळलं नाही. अक्का, आपण देवीला चांदीचे डोळे वाहिले ते कशाबद्दल, ह्याचा विचार मी रिक्षात सुरू केला आणि घर येईपर्यंत तो कुठेच पोचला नाही.

दुसरा प्रश्न नळीचा. मी म्हटलं, माझी जाऊ हिरव्याला निळा म्हणायची, लाडवासाठी. त्यांनी विचारलं, केव्हापासून? मी सांगितलं, जाळ्यांच्या आधी, वर्ष दीड वर्ष तरी. मग म्हणाले, 'लाडवासाठी नसेलही. साखरेनं पडदा बिघडायला लागला की काहींना निळा आणि हिरवा वेगळे दिसत नाहीत. बाकी सगळं नीट दिसत असतानासुद्धा.'

आता मी काय करू? इतकी वर्षं मी जिंकलेलं भांडण होतं हे. हिरवा तो हिरवाच होता, त्यात फरक नाही. पण तुम्ही खोटं बोलत नव्हतात. खिडकीच्या उजेडात नळी धरून तुम्ही जे दिसलं ते सांगत होतात, आणि मी जे दिसलं ते. आपल्या दोघींच्या मधे, त्या न्हाणीघराच्या ओट्यावर, तुमचे डोळे जायला लागले होते, आणि आपण लाडवावरून भांडत होतो. पण मग कोठीमागचा डबा? तो तर खरा होता. काही दिवस तुम्हाला निळा दिसत असेल, काही दिवस नुसता म्हणायचा असेल. कोणते कोणते, ते आता मला कोण सांगणार? मला तुमचा राग येतो, मग राग कशाचा ते हातात राहत नाही, मग रडू येतं, आणि त्याचंही कारण नीट सांगता येत नाही.

काल हे सगळं मी ह्यांना ऐकवत होते. म्हटलं, मी काही सोमवारी जात नाही, अक्कांचं पाहिलं ना काय झालं. हे ऐकत राहिले आणि मग म्हणाले, तुझं रक्त तपासायला मला वहिनीनंच सांगितलं होतं. मला कळेना. तुम्ही तेव्हा दवाखान्याच्या खाटेवर, डोळ्यांना दिसत नाही, बोलायला दम नाही. हे म्हणाले, तुम्ही हात धरून सांगितलंत. 'सुमीच्या घरातून दिवसभर माठाचा आवाज येत होता गा. एवढं पाणी कोणी पेते का? तिचं रक्त पाय. अन् डोळे दाखव तिचे. तिनं नाई म्हटलं तरी ने.'

तिनं नाही म्हटलं तरी. हे कोण म्हणतं आहे, अक्का? स्वतः सारा जन्म नाही म्हणालात. मग तुम्हाला पटलं होतं का ते? पटलं होतं तर आम्हाला का सांगितलं नाहीत, एकदा तरी, की सुमे, माझं चुकलं बरं का, तू तसं करू नको? कदाचित तेच सांगितलंत, फक्त मला न सांगता दिराला सांगितलंत. मला सांगितलं असतं तर मी वाद घातला असता. तुम्ही मला ओळखून होतात. मला तुमचं डोळ्यांचं काही कळलं नाही, आणि तुम्ही भिंतीपलीकडून माझी तहान ओळखलीत. मी तुमची किती ऋणी आहे हे तुमच्या तोंडावर बोलायची मला सवय नव्हती, म्हणून आता लिहिते.

एवढं लिहून ठेवलं होतं. आज सोमवार. आम्ही जाऊन आलो, हे आणि मी. थेंब झोंबले. समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर आधी पसरट झालं, मग त्यावरचा देव ओळखू येईना. शेजारी कोणी येऊन बसलं आणि म्हणालं, काय काकू, तुम्ही इकडे? कोण ते मला दिसलं नाही. पण मी तोंड वळवलं, हसले, आणि म्हटलं, हो तर, तू कशी आहेस? इतकं सहज निघालं ते माझ्या तोंडून की मीच दचकले. लाज वाटते ना, अक्का? समोरच्याला कळू नये असंच वाटतं. मी तर तासाभराची आंधळी होते.

मग अंधाऱ्या खोलीत डॉक्टरांनी दिवा घेऊन आधी उजवा डोळा पाहिला, मग डावा, मग पुन्हा उजवा. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता, दुसरं काही नाही. शेवटी म्हणाले की रक्ताचे बारीक ठिपके सुरू झाले आहेत, पण थोडे आहेत, आज काही करायला नको. साखर धरून ठेवायची, ब्लडप्रेशर पाहायचं, आणि दरवर्षी यायचं, सगळं दिसत असलं तरी यायचं. मग खांद्यावर हात ठेवून म्हणाले, 'वेळेवर आलात.'

मी तिथे, त्या खुर्चीवर, मोठ्यानं रडले. थेंब झोंबतात थोडे, असं म्हणून त्यांनी हातात कापूस दिला. मी हो म्हटलं. अक्का, हे वाक्य तुम्हाला कोणी म्हणायला हवं होतं, आणि ऐकलं मी.